फोटो सांभाळणारी जोडपी

(कर्जत येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते कलाशिक्षक होते, तेव्हा चित्रकलेवर बोलावं अशी संयोजकांची इच्छा होती. मी फोटोवर बोलण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी मोकळ्या मनाने दिली. आयुष्यभर जुने फोटो आणि निगेटिव्ह हाताळत आलो असल्यामुळे मला जे कळकळीने सांगायचं आहे ते त्याच विषयातलं आहे. ते आधीच सांगून टाकतो. फोटो काढणाऱ्यांची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. वानवा आहे ती फोटो ठेवणाऱ्यांची. आणि जे थोर फोटो आज जगात शिल्लक आहेत, त्यातले पुष्कळसे कुणा एका घराने ठेवले म्हणून शिल्लक आहेत. त्या घरात बहुतेक वेळा दोन माणसं असत, नवरा आणि बायको. आज अशा काही जोडप्यांविषयी बोलायचं आहे.

जर्मनीतल्या कोलोन शहरात १९७२ साली आन आणि युर्गेन विल्डे या दांपत्याने एक गॅलरी काढली. तिथे फोटो लावले जात आणि विकलेही जात. फोटो भिंतीवर लावून त्याची किंमत सांगायची, ही कल्पना त्या काळी युरोपातही बहुतेकांच्या पचनी पडत नव्हती. फोटो म्हणजे वर्तमानपत्रात छापायची नाहीतर आल्बममध्ये लावायची वस्तू, असाच समज होता. या दोघांचा ओढा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांतल्या आधुनिक फोटोग्राफीकडे होता. तोपर्यंत नामवंत फोटोग्राफर फोटो चित्रासारखा दिसावा म्हणून धडपडत. भिंग मऊ ठेवायचं, कडा धूसर करायच्या, कागदावर ब्रशचे फटकारे यावेत अशी रसायनं वापरायची. पहिलं महायुद्ध संपल्यावर काही तरुणांना हे सगळं खोटं वाटू लागलं. त्यांनी कॅमेरा वस्तूच्या जवळ नेला, प्रकाश सपाट केला, कडा सुरीसारखी स्वच्छ ठेवली आणि वस्तूला समोर येऊ दिलं. यंत्राचा दात, कारखान्याची चिमणी, झाडाची साल, माणसाचा चेहरा, सगळ्यांना त्यांनी सारख्याच आदराने पाहिलं.

यातला मला सर्वांत प्रिय माणूस म्हणजे कार्ल ब्लॉसफेल्ट. सरांनाही तो आवडला असता, कारण तो त्यांच्याच पेशातला होता. बर्लिनच्या कला-हस्तव्यवसाय शाळेत तो वनस्पतींवरून नक्षी कशी रचावी हे शिकवत असे. मुलांना देठ, कळ्या, बोंडं बारकाईने दाखवता यावीत म्हणून त्याने लांब भात्याचा कॅमेरा स्वतःच तयार केला. रानातून आणलेली रोपं करड्या किंवा पांढऱ्या पाठीवर लावून तो त्यांचे फोटो घेई. काही वनस्पती तर त्याने मूळ आकाराच्या तीस पटींपर्यंत वाढवून दाखवल्या. ही फळ्यावरच्या तक्त्यांसारखी शिकवण्याची साधनं होती. आपण कला करतो आहोत असं त्याच्या मनातही नव्हतं. १९२६ साली बर्लिनच्या एका गॅलरीवाल्याने, कार्ल नीरेनडॉर्फने, ती भिंतीवर लावली. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि साठी ओलांडलेला हा मास्तर एकदम जगभर ओळखला जाऊ लागला. चार वर्षांनी तो गेला.

त्यानंतर मधे नाझींची राजवट आली, युद्ध आलं, शहरं बेचिराख झाली. ब्लॉसफेल्टच्या काचेच्या निगेटिव्हचं आणि कागदांचं पुढे काय होणार, याची चिंता करणारे फार थोडे होते. विल्डे दांपत्याने ती केली. ब्लॉसफेल्टचा संग्रह त्यांनी मिळवला, आणि आल्बर्ट रेंगर-पाट्श या दुसऱ्या मोठ्या फोटोग्राफरचाही. रेंगर-पाट्शने रूर खोऱ्यातल्या खाणी, भट्ट्या आणि कामगार वस्त्यांचे फोटो काढले होते. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात एसेनमध्ये त्याच्या निगेटिव्हचा मोठा भाग नष्ट झाला. उरलेलं सांभाळायचं तर मोठ्या निगुतीने सांभाळावं लागणार होतं.

ब्लॉसफेल्टच्या वस्तूंमध्ये काही जाड पुठ्ठे होते. त्यांवर निगेटिव्हएवढेच कॉन्टॅक्ट प्रिंट ओळीने चिकटवलेले होते. एकेका पुठ्ठ्यावर वनस्पती वेगवेगळ्या अवस्थांत आणि वेगवेगळ्या आकारात होत्या. काही तिरपे कापलेले, काहींवर खुणा. गॅलरीत विकायला ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. एखाद्या घाईच्या दुकानदाराने मोठे देखणे प्रिंट ठेवले असते आणि हा पसारा टाकून दिला असता. विल्डेंनी तो जपला. पुढे ते पुठ्ठे छापले गेले तेव्हा लोकांना कळलं की हा माणूस एकेक सुंदर फोटो काढत नव्हता, तो निवडत होता, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहत होता. ब्लॉसफेल्टची विचार करण्याची रीत त्या पुठ्ठ्यांत शिल्लक राहिली होती.

गॅलरी १९८५ मध्ये बंद झाली. जमवलेलं मात्र दोघांनी फुटू दिलं नाही. २०१० पासून तो सगळा ठेवा त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या रूपाने म्युनिकमधल्या आधुनिक कलेच्या सार्वजनिक संग्रहालयाकडे आहे. तुकड्या-तुकड्यांनी विकला असता तर पैसा कितीतरी जास्त मिळाला असता. मला त्यांच्या रसिकतेपेक्षाही हा निर्णय मोठा वाटतो.

हे सगळं कोलोनचं, आपलं काय, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडेही अशी घरं झाली आहेत. इब्राहिम अल्काझी हे नाव मराठी रसिकांना नाटकामुळे माहीत आहे. १९२५ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला, अरब व्यापारी कुटुंबात. विजयाबाई मेहतांनी त्यांच्या हाताखाली धडे गिरवले आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात १९६२ ते १९७७ या काळात त्यांनी ज्या पिढ्या घडवल्या त्यात रोहिणी हट्टंगडींसारखी आपली माणसं होती. या नाट्यकर्त्याच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग चित्रांना आणि फोटोंना वाहिलेला होता, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. आणि त्या अर्ध्या भागात रोशन अल्काझी होत्या. मुंबईतल्या पदमसी घराण्यातल्या रोशन नाटकांची वेशभूषा करत, त्यासाठी प्राचीन भारतीय वेशभूषेचा अभ्यास करून त्यांनी पुस्तकंही लिहिली. १९७७ साली दोघांनी दिल्लीत त्रिवेणी कला संगममध्ये ‘आर्ट हेरिटेज’ ही गॅलरी सुरू केली. तिथे प्रामुख्याने आधुनिक चित्रकार आणि शिल्पकारांची प्रदर्शनं होत. रोशन पुढे शेवटपर्यंत, २००७ सालापर्यंत, या गॅलरीशी जोडलेल्या राहिल्या.

याच घरातून अल्काझी संग्रह उभा राहिला. एकोणिसाव्या शतकापासूनचे भारताचे आणि आसपासच्या देशांचे फोटो त्यांनी परदेशातल्या लिलावांतून आणि संग्राहकांकडून मिळवले. अल्बुमेन प्रिंट, संस्थानिकांचे आल्बम, रंगवलेले फोटो, लष्करी अधिकाऱ्यांनी घेतलेली दृश्यं, असा लाखाच्या घरातला ऐवज आज अल्काझी प्रतिष्ठानाकडे आहे. लेक अमाल अल्लाना आणि नातू राहाब अल्लाना यांनी तो वारसा पुढे नेला. एखाद्या घराने तीन पिढ्या हे असं उचलून धरावं, याचं मला मोठं अप्रूप आहे. चित्र जपावं हे अनेकांना पटतं. जुना फोटो जपावा, हे पटायला वेळ लागतो, आणि तोवर फोटो गेलेला असतो.

होमाई व्यारावालांचं काम याच प्रतिष्ठानाकडे सुपूर्द झालं आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. होमाईबाई देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. नेहरू, माउंटबॅटन, स्वातंत्र्याचा दिवस, हे सगळं त्यांनी टिपलं. मला अधिक ओढ आहे ती दिल्लीला जाण्यापूर्वीच्या, मुंबईतल्या होमाईंची. जे. जे. स्कूलमध्ये शिकणारी ही पारशी मुलगी आपल्या मैत्रिणींचे फोटो घेते. त्यात पडदा नाही, फुलदाणी नाही, लाजरी मान नाही. प्रकाश तिरपा आहे, मुलगी स्वतःच्या विचारात आहे, चौकट मोकळी आहे. युरोपातल्या नव्या फोटोग्राफीचा वारा मुंबईपर्यंत पोचला होता, हे त्या फोटोंत दिसतं. त्यांना कॅमेरा शिकवला तो माणेकशा व्यारावालांनी, म्हणजे पुढे त्यांचे पती झालेल्या माणसाने. सुरुवातीला होमाईंचे फोटो माणेकशांच्या नावाने छापून येत. नाव एकाचं, डोळा दुसऱ्याचा. माणेकशा गेल्यानंतर, १९७० च्या सुमारास, होमाईंनी फोटोग्राफी थांबवली आणि पुढे त्या बडोद्याच्या घरात स्वतःच्या हातांनी बागकाम, सुतारकाम करत शांतपणे राहिल्या. साबिना गडिहोके या अभ्यासक महिलेने त्यांच्याशी दीर्घकाळ बोलून पुस्तक लिहिलं नसतं आणि एका संस्थेने पेट्या उघडून प्रिंट ताब्यात घेतले नसते, तर आपल्याला होमाई हे नाव नुसतं ऐकायला मिळालं असतं.

मुंबईतल्या केकू आणि खोर्शेद गांधी यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, जरी त्यांची गॅलरी मुख्यतः चित्रांची होती. केकूंनी आधी तसबिरींच्या चौकटींचा कारखाना काढला. १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर दोघांनी ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली. जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं १९७५ साली तिथे लागली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यावरच्या भिंतीवरची कला महानगराच्या भिंतीवर आली, तेव्हा तिला माणसाचं नाव मिळालं. हे लक्षात ठेवा, कारण नावाचा प्रश्न आता आपल्या घाटाकडे आपल्याला घेऊन जाणार आहे.

पळसदरीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. १८६१ च्या आसपास चाळीस हजारांहून अधिक मजूर इथे एकाच वेळी राबत होते. पहिला ठेकेदार विल्यम फेविएल मजुरीच्या वादातून आणि १८५९ च्या दंगलीतून बाहेर पडला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून बायकोसह आला, आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस मागे राहिली. तिने ठेका स्वतःच्या नावावर चालवला, हाताखाली अनुभवी अभियंते नेमले आणि काम पुरं करून घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, अशा डोंगरात, एका विधवा बाईने. आणि ही बाई फोटोग्राफर होती. घाटाच्या बांधकामाच्या काळातले फोटो तिच्या नावाशी जोडले जातात. म्हणजे या तालुक्यातल्या फोटोग्राफीच्या इतिहासाची सुरुवात एका ठेकेदार जोडप्याच्या घरातून होते, असं म्हणायला हरकत नाही.

त्या फोटोंत कमानी आहेत, उघडे पडलेले कडे आहेत, पुलांचे खांब आहेत. आधुनिक फोटोग्राफी जन्माला येण्याच्या साठ वर्षं आधीचे असूनही ते फोटो मला आधुनिक वाटतात, कारण पाहणाऱ्याला दगडात, उतारात, बांधणीत रस आहे. पण ज्यांनी सुरुंग लावले, ज्या बायांनी पाट्या वाहिल्या, पटकीने जे गेले, त्यांच्यापैकी कुणाचं नाव आपण आज घेऊ शकतो? अ‍ॅलिसचं नाव निदान आल्बमने राखलं.

या पट्ट्यात पाहण्यासारखं किती आहे बघा. १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागलेल्या खोपोलीच्या पॉवरहाऊसला पाइपलाइन येतात, लोणावळ्याच्या तलावांचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडणाऱ्या. भिवपुरीचं पॉवरहाऊस १९२२ चं. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून पुढे आयुष्यभर पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींची चाकं एकाच उंचीवरून, ढगाळ दिवशी, सारख्याच अंतरावरून टिपली. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना या फोटोंसाठी शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं. आमचे पाइप, आमचे बोगदे, आमच्या कागद आणि पोलादाच्या कारखान्यांच्या शेड त्यांच्याहून कमी प्रतीच्या नाहीत. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात घाटातल्या कड्यांवर नेचाची कोवळी टोकं गुंडाळलेली असतात. ब्लॉसफेल्टने ज्या एका नेचाच्या कोंबाला जगभर प्रसिद्ध केलं, त्याचे सख्खे भाऊबंद तुमच्या दारात उगवतात.

इर्शाळवाडीचा उल्लेख करताना मन जड होतं, पण या व्याख्यानात तो टाळणं योग्य नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकर वाडीवर डोंगर कोसळला. दरडीनंतरचे फोटो साऱ्या देशाने पाहिले. दरडीच्या आधीची वाडी, घरांची मांडणी, पायवाट, अंगणातली लाकडाची मोळी, एकेका घरातली माणसं उंबऱ्यापाशी उभी, हे आपण आज कुठे पाहायचं? ट्रेकरांच्या मोबाइलमध्ये असेल थोडंफार, पाठीमागच्या दृश्यात, तेही इर्शाळगडाचं शिखर समोर ठेवून. एकेका वाडीचे, पाड्याचे, बाजारपेठेचे फोटो कुणी शिस्तीने काढून, नावं लिहून, एका जागी ठेवले असते, तर आज वाचलेल्या माणसांच्या हाती देण्यासारखं काहीतरी आपल्यापाशी असतं.

कर्जत, खोपोली, नेरळला फोटो स्टुडिओ होते, काही आजही आहेत. लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, कारखान्यांच्या कामगारांची ओळखपत्रं, सत्कार, निवडणुकीच्या सभा. त्यांच्या माळ्यांवर किंवा ट्रंकांमध्ये काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्ह आहेत. चांदीचे भाव वाढले की फिल्म किलोवर नेणारे येतात आणि त्यातून चांदी काढतात. मुंबईच्या कित्येक स्टुडिओंचे फोटो असेच गेले आहेत. मालकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. जागा नसते, मुलांना रस नसतो, आणि कुणी आस्थेने विचारायलाही आलेलं नसतं.

इथे एखादं जोडपं पुढे यावं, एवढंच मागणं आहे. श्रीमंत असायची गरज नाही. रस्त्याकडची एक खोली पुरे. भिंतीवर महिन्याला दहा फोटो, खाली नाव, गाव, साल. मागच्या खोलीत लोखंडी कपाट. दोघांपैकी एकाने लोकांशी बोलावं, स्टुडिओवाल्यांकडे जावं, घरातल्या आजीला विचारावं की फोटोतली ही बाई कोण. दुसऱ्याने नोंदवही ठेवावी. ही दोन कामं भिन्न स्वभावांची आहेत, आणि एका माणसाला दोन्ही जमणं अवघड जातं. अल्काझी काय, विल्डे काय, दोन डोकी एका कामाला लागली म्हणून एवढा ऐवज उभा राहिला, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपला पाऊस. जुलैत इथली हवा कपड्यांनाही बुरशी आणते, मग जिलेटिनच्या थराचं काय होत असेल! निगेटिव्हवरची प्रतिमा जिलेटिनमध्ये असते, आणि ते बुरशीचं आवडतं खाद्य आहे. जुन्या सेफ्टी फिल्मच्या डब्याचं झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा वास आला, तर फिल्मचा आधार मोडू लागला आहे असं समजा आणि तो डबा तडक बाकीच्यांपासून दूर ठेवा, कारण ती बाधा शेजारच्या फिल्मलाही धरते. काचेची निगेटिव्ह नेहमी लांब कडेवर उभी ठेवावी, आडवी रास करू नये, खालची फुटते. हातात घेताना दोन्ही तळव्यांमध्ये, कडांनी धरावी. मंद दिसणारी बाजू प्रतिमेची, चकचकीत बाजू काचेची. मंद बाजूला बोट लागलं की ते तिथे कायमचं राहतं. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशवीत फोटो घालू नये, साध्या पण आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालावा. कपाट भिंतीला टेकवू नये, चार बोटं अंतर सोडावं, आणि आत एक छोटं आर्द्रतामापक ठेवावं. ते पन्नास टक्क्यांच्या खाली राहिलं तर उत्तम. कर्जतच्या पावसात ते सहज होत नाही, म्हणून त्या चार महिन्यांसाठी सिलिका जेलची पाकिटं ठेवायची आणि दाणे गुलाबी पडले की ते तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे. हे कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे.

आज सभागृहातून बाहेर पडताना आपापल्या घरी लगेच सुरू करता येतील अशा दोनच गोष्टी सांगतो. जुना फोटो लॅमिनेट करू नका, कितीही जपावासा वाटला तरी. लॅमिनेशन परत निघत नाही. आणि फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिल घ्या, फोटो काचेवर पालथा ठेवा, हलक्या हाताने कोपऱ्यात लिहा, कोण आहे, कुठे काढलाय, कधी. फोटोतल्या माणसाला ओळखणारी घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर हे उरकून घ्या. कुणाकडे स्टुडिओच्या निगेटिव्ह असतील आणि ट्रंक जड झाल्या असतील, त्यांनी संयोजकांकडे नाव नोंदवावं, मी स्वतः येऊन पाहीन. सूचीच्या कामासाठी दोन तरुण शिक्षकांनी तयारी दाखवलेली आहे, आणि खोलीसाठी बोलणी सुरू आहेत.